‘ए ८००’ म्हणजे नेमके किती? रेसिंग गेममधल्या गाड्यांच्या रेटिंगचा हिशेब

रेसिंगच्या जवळजवळ प्रत्येक व्हिडिओ गेममध्ये शर्यतीआधी गाडी निवडण्याचा पडदा येतो आणि तिथे गाडीच्या नावाशेजारी एक आकडा लिहिलेला असतो. ‘फोर्झा होरायझन ५’मध्ये तो ‘ए ८००’ असा दिसतो, ‘ग्रान टुरिस्मो ७’मध्ये त्याला ‘परफॉर्मन्स पॉइंट्स’ किंवा नुसते ‘पीपी’ म्हणतात, मोबाइलवरच्या ‘रिअल रेसिंग ३’मध्ये तो ‘पीआर’ म्हणजे परफॉर्मन्स रेटिंग असे आणि ‘ॲस्फाल्ट ९’मध्ये (२०२४ मध्ये या गेमचे नाव बदलून ‘ॲस्फाल्ट लेजेंड्स युनाइट’ झाले) ‘रँक’. मोठा आकडा म्हणजे वेगवान गाडी, एवढे खेळणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशीच कळते. मात्र हा आकडा येतो कुठून, त्यात काय धरलेले असते, काय वगळलेले असते, आणि आकडा सारखा असूनही दोन गाड्यांपैकी एकच पुन्हा पुन्हा पुढे का जाते, हे वर्षानुवर्षे खेळणाऱ्यांनाही नीट सांगता येत नाही.

याचे उत्तर असे की, हा आकडा म्हणजे एक अंदाज आहे. ही गाडी एखाद्या सर्वसाधारण ट्रॅकवर, सर्वसाधारण हातांनी चालवली, तर एक फेरी साधारण किती वेळात पूर्ण करेल याचा गेमने आधीच बांधलेला तो अंदाज असतो. तो ‘सर्वसाधारण ट्रॅक’ आपल्याला कधी दाखवला जात नाही आणि आपण प्रत्यक्षात ज्या ट्रॅकवर उतरतो तो तसा नसतो, यातच पुढच्या बहुतेक तक्रारींचे मूळ आहे.

आधी गटांचे पाहू. फोर्झा होरायझन ५ मध्ये १०० ते ५०० पर्यंतच्या गाड्या ‘डी’ गटात, ५०१ ते ६०० ‘सी’मध्ये, ६०१ ते ७०० ‘बी’मध्ये, ७०१ ते ८०० ‘ए’मध्ये, ८०१ ते ९०० ‘एस१’मध्ये, ९०१ ते ९९८ ‘एस२’मध्ये आणि ९९९ म्हणजे ‘एक्स’. शर्यत ‘ए’ गटाची असेल, तर ८०१ ची गाडी तिच्यात उतरू शकत नाही. त्यामुळे जो तो आपली गाडी बरोबर ८०० वर आणून ठेवतो. कोल्हापूरकरांना वजनी गट म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. ७४ किलोच्या गटात उतरलेले दोन पैलवान तराजूवर सारखे भरले, एवढ्यावरून त्यांची कुस्ती बरोबरीत सुटेल असे खासबागेत बसलेला कोणी म्हणणार नाही, कारण दम, डाव आणि पकड तराजूवर येत नाहीत. गाडीच्या आकड्याचेही तसेच आहे, फक्त एका फरकाने. तराजू एकच गोष्ट मोजतो आणि प्रामाणिकपणे मोजतो; गेममधला आकडा मात्र दहा निरनिराळ्या गोष्टी मोजून त्या एकाच संख्येत मिसळतो आणि त्या कोणत्या प्रमाणात मिसळल्या हे सांगत नाही.

हे मिश्रण करण्याच्या साधारण तीन पद्धती आहेत. सर्वांत जुनी आणि सोपी पद्धत म्हणजे गेम बनवणाऱ्यांनी प्रत्येक गाडी स्वतः चालवून पाहायची आणि अंदाजाने तिला गटात बसवायचे. गाड्या वीस-पंचवीस असतील तोवर हे जमते. दुसरी पद्धत सूत्राची आहे: अश्वशक्ती, वजन, टॉर्क (चाके फिरवणारा जोर), ग्रिप (टायरची पकड) अशा प्रत्येक गोष्टीला ठरावीक भार द्यायचा आणि बेरीज मांडायची. बहुतेक मोबाइल गेममध्ये हेच असते. इंजिनचा पुढचा टप्पा विकत घेतला की रँकमध्ये ठरावीक गुण वाढतात, टायरचा घेतला की आणखी ठरावीक. तिसरी पद्धत आभासी चाचणीची आहे आणि तीच सर्वांत रंजक आहे. आपण गाडीत बदल करतो त्या क्षणी गेम पडद्यामागे ती गाडी हिशेबातल्या हिशेबात पळवून पाहतो, म्हणजे शून्यापासून वेग घेतो, ब्रेक दाबतो, वळणात घालतो, आणि त्या निकालांवरून आकडा काढतो.

फोर्झा मालिकेतल्या अपग्रेडच्या पडद्यावर या चाचणीचे अवशेष उघड दिसतात. एखादा भाग बदलण्यासाठी निवडला की बाजूला लहान अक्षरांत काही नोंदी बदलू लागतात: शून्य ते ताशी ६० मैल वेग घ्यायला लागणारा वेळ, शून्य ते १०० मैलांचा वेळ, टॉप स्पीड, ६० आणि १०० मैलांवरून थांबायला लागणारे अंतर, आणि वळणात गाडी किती ‘जी’ पेलते, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट बाजूचा जोर सहन करते, याचे दोन आकडे, एक ६० मैल वेगाचा आणि दुसरा १२० मैल वेगाचा. बहुतेक जण या नोंदींकडे पाहतही नाहीत, त्यांची नजर कोपऱ्यातल्या मोठ्या आकड्यावर असते. माझ्या मते त्या पडद्यावरची सर्वांत उपयोगी माहिती या लहान अक्षरांतच आहे. वळणाची चाचणी दोन वेगांना कशासाठी, हा प्रश्न विचारला की गाडीच्या भौतिकशास्त्राचा अर्धा धडा उलगडतो.

टायरची रस्त्यावरची पकड दोन मार्गांनी वाढते. एक म्हणजे चांगला टायर, जो कोणत्याही वेगाला कामी येतो. दुसरा म्हणजे डाउनफोर्स, म्हणजे मागच्या विंगवरून आणि गाडीच्या पुढच्या भागावरून जाणाऱ्या हवेने गाडीला खाली दाबणे. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १०० किलोमीटरला एखादी विंग १०० किलोचा दाब देत असेल, तर २०० ला ती ४०० किलोचा देईल आणि ५० ला जेमतेम २५ किलोचा. म्हणून मोठी विंग लावलेल्या गाडीचा १२० मैलांचा ‘जी’ भरपूर वाढलेला दिसतो आणि ६० मैलांचा फारसा हलत नाही. एकाच आकड्यात हे दोन्ही बसवायचे झाले की गेमला कुठेतरी तडजोड करावीच लागते. ती विंग रेटिंगमध्ये किती गुणांची धरायची, हे ट्रॅकवर वेगवान वळणे किती आणि मंद वळणे किती यावर अवलंबून असते, आणि आकडा काढताना ट्रॅक तर ठरलेलाच नसतो.

ताकदीचा हिशेबही वाटतो तितका सरळ नाही. ‘जास्त एचपी (अश्वशक्ती) म्हणजे जास्त वेग’ हे वाक्य कुठल्याही गेमिंग कॅफेत ऐकू येते. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो तोडण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे इंजिनची ताकद दुप्पट केली, तरी बाकी सगळे तेच राहिल्यास टॉप स्पीड दुप्पट होत नाही, साधारण २६ टक्केच वाढतो. ताशी २०० ची गाडी ४०० ची होत नाही, २५२ च्या आसपास अडकते.

आता एक उदाहरण घेऊ. पहिली गाडी १,००० किलोची आणि १०० अश्वशक्तीची आहे. दुसरी १,६०० किलोची आणि १६० अश्वशक्तीची. वजनाच्या तुलनेत ताकद दोन्हींची सारखीच, दर १० किलोला एक अश्वशक्ती. कमी वेगाला दोन्हींचे पिकअप जवळपास सारखे राहील. वेग वाढेल तसे चित्र बदलेल, कारण हवा गाडीचे वजन पाहत नाही, तिचा आकार पाहते. दोन्ही गाड्यांचा समोरचा आकार सारखा असेल, तर १६० अश्वशक्तीची जड गाडी सरळ रस्त्यावर हळूहळू पुढे सरकत जाईल आणि तिचा टॉप स्पीड साधारण १७ टक्के जास्त असेल. वळण आले की पारडे फिरते. टायरवर भार वाढला की पकड वाढते खरी, पण भाराच्या प्रमाणात वाढत नाही, थोडी मागे पडते. म्हणून त्याच टायरांवर उभी असलेली जड गाडी ब्रेकिंगमध्ये आणि वळणात हलक्या गाडीपेक्षा कमी पडते. आकडा काढणाऱ्या गणिताने या दोन्ही गाड्यांना समजा ४५० दिले, तर ते चूक म्हणता येणार नाही. पण त्या ‘समान’ गाड्या घेऊन दोघे मित्र खेळायला बसले, तर निकाल ट्रॅक निवडला त्याच क्षणी बराचसा लागलेला असेल.

हे आपल्या भागातल्या रस्त्यांवरून चटकन डोळ्यांसमोर येईल, अर्थात केवळ कल्पनेत, कारण शर्यतीची जागा ट्रॅक आहे, रहदारीचा रस्ता नव्हे. किणी टोलनाक्यापासून कागलच्या दिशेने जाणारा महामार्ग हा एखाद्या गेमचा ट्रॅक आहे असे समजा: लांब, रुंद, जवळपास सरळ. इथे जड आणि ताकदवान गाडी जिंकेल. आता ट्रॅक म्हणून गगनबावड्याहून खाली कोकणात उतरणारा करूळ घाट घ्या, जिथे एक वळण संपेपर्यंत दुसरे समोर येते. तिथे ताकद वापरायला जागाच मिळत नाही; हलकी, चांगल्या टायरची, लवकर थांबणारी गाडी पुढे निघून जाईल. गेममधल्या खऱ्या ट्रॅकमध्ये हा फरक इतकाच ठळक असतो. इटलीतले मोंझा ५.७९३ किलोमीटरचे आहे आणि त्याचा मोठा भाग पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून जाण्याचा आहे. जपानचे त्सुकुबा जेमतेम दोन किलोमीटरचे आणि वळणावळणांचे आहे. दोन्हींसाठी एकच रेटिंग वापरले जाते.

हलकी गाडी आणि ग्रिप याकडे मुरलेले खेळाडू इतके का झुकतात, यालाही साधे अंकगणित कारणीभूत आहे. फेरीत आपण वेळ मोजतो, अंतर नव्हे, आणि वेळ खर्च होतो तो मंद भागांत. एक किलोमीटरचा सरळ पट्टा ताशी २०० ने पार करायला १८ सेकंद लागतात. तेवढ्याच लांबीचा वळणांचा पट्टा ताशी ६० ने पार करायला पूर्ण ६० सेकंद. दोन्हीकडे वेग १० टक्के वाढवला, तर सरळ पट्ट्यावर सुमारे १.६ सेकंद वाचतात आणि वळणांत सुमारे ५.५ सेकंद. वळणातला वेग पकडीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, म्हणजे पकड २० टक्के वाढवली की वळणात ताशी १०० च्या जागी जवळपास ११० ने जाता येते. त्यामुळे गेमने चांगल्या टायरचे गुण जरा कमी धरले असतील, तर सगळे खेळाडू टायरवर तुटून पडतात. ताकदीचे गुण कमी धरले असतील, तर सगळे इंजिन बदलतात. एखाद्या गेममध्ये महिनाभरात सर्वांच्या गाड्या एकाच धाटणीच्या दिसू लागल्या, तर रेटिंगच्या गणितात कुठे स्वस्ताई आहे हे खेळाडूंनी शोधून काढले आहे असे खुशाल समजावे.

राजारामपुरीतल्या एका गेमिंग कॅफेत फोर्झा खेळणाऱ्या दोन मुलांचा संवाद याच मुद्द्यावर येऊन अडला होता. एकाकडे माझदा एमएक्स-५, दुसऱ्याकडे फोर्ड मस्टँग, दोन्ही ‘ए ८००’. मस्टँगवाला सरळ पट्ट्यावर पुढे जात होता आणि प्रत्येक वळणात मागे पडत होता. “भावा, दोन्ही आठशेच हाईत की! मग माझीच का मागं ऱ्हातीय?” त्याने विचारले, आणि शेजारच्याने उत्तर द्यायच्याऐवजी त्याच्या गाडीचे अपग्रेड उघडून दाखवले. मस्टँगचे बहुतेक गुण इंजिनवर खर्ची पडले होते आणि टायर मूळचेच होते. त्याने टायर एक पायरी वरचे लावले, आकडा ८०० च्या वर गेला, मग इंजिनचा एक भाग उतरवून तो पुन्हा ८०० वर आणला. गाडी तीच, आकडा तोच, स्वभाव मात्र पार बदललेला. पुढच्या फेरीत मस्टँग सरळ पट्ट्यावर पूर्वीइतकी निसटली नाही, पण वळणात माझदाच्या मागे चिकटून राहिली.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. अपग्रेड म्हणजे भाग बदलणे आणि ट्यूनिंग म्हणजे आहेत तेच भाग जुळवणे, या दोन वेगळ्या बाबी आहेत. होरायझन ५ मध्ये टायर, इंजिन, गिअरबॉक्स बदलले की आकडा बदलतो. टायरमधली हवा कमी-जास्त केली तर बदलत नाही. त्यामुळे त्याच ८०० मध्ये कोणी नीट जुळवलेली गाडी चालवत असतो आणि कोणी न जुळवलेली, आणि पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. या गेममध्ये चांगले ट्यूनिंग इतरांना देण्याची सोयही आहे. कोड टाकला की दुसऱ्याने जुळवलेली मांडणी आपल्या गाडीवर येते. ज्याला कॅम्बर (चाकांचा आत-बाहेरचा झुकाव) म्हणजे काय हे शिकायची हौस नाही, त्याच्यासाठी हा मार्ग वाईट नाही.

ग्रान टुरिस्मोने हा प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवायचा प्रयत्न केला आणि त्यातून काय झाले हे पाहण्यासारखे आहे. २०१० साली आलेल्या ‘ग्रान टुरिस्मो ५’मध्ये पीपी होते, पण टायर त्या हिशेबात नव्हते. त्यामुळे शर्यतीच्या नियमांत पीपीची मर्यादा आणि टायरची मर्यादा वेगवेगळी लिहावी लागे. त्यात ताकद कमी करणारी एक मर्यादकाची सोयही होती. मर्यादक इंजिनच्या ताकदीचे शिखर छाटतो. शिखराखालचा, मधल्या आरपीएमचा (इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे) भाग तसाच राहतो. आकडा काढताना शिखराला जास्त महत्त्व दिलेले असल्याने पीपी उतरायचे, पण गाडीला प्रत्यक्ष ओढणारा मधला भाग शाबूत राहायचा. परिणामी मूळची खूप ताकदवान गाडी छाटून खाली आणणे हे मूळचीच मध्यम असलेल्या गाडीपेक्षा फायद्याचे ठरे. इंजिनची खरी कामगिरी शिखरावर नसते, ती फेऱ्यांनुसार ताकद दाखवणाऱ्या संपूर्ण आलेखाखालच्या जागेत असते, ही गोष्ट या एका युक्तीने हजारो पोरांना शिकवली. उद्यमनगरात इंजिनांची कामे करणाऱ्या कोणत्याही मिस्त्रीला ती आधीपासून ठाऊक आहे.

२०१७ च्या ‘ग्रान टुरिस्मो स्पोर्ट’मध्ये पीपी बाजूला ठेवून रस्त्यावरच्या गाड्यांचे ‘एन’ गट आणि शर्यतींच्या गाड्यांचे ‘ग्रुप ४’, ‘ग्रुप ३’ असे गट केले होते. मार्च २०२२ मध्ये आलेल्या ‘ग्रान टुरिस्मो ७’मध्ये पीपी परतले, या वेळी आभासी चाचणीवर आधारलेले, टायरसकट. इथे गिअरचे प्रमाण, डाउनफोर्स, जादा वजन बदलले तरी आकडा बदलतो आणि नवा आकडा काढण्यासाठी मोजणीचे बटण दाबावे लागते. कागदावर ही पद्धत सर्वांत न्याय्य आहे. पण चाचणी घेणारा आभासी चालक एका ठरावीक पद्धतीने गाडी चालवतो आणि माणूस तसा चालवत नाही, ही तिची उणीव. खेळाडूंनी नेमकी तीच पकडली. एसआरटी टॉमाहॉक ही कल्पनेतली अतिवेगवान गाडी विचित्र मांडणी करून, भरपूर वजन लादून आणि गिअर वेडेवाकडे लावून ६०० पीपीच्या शर्यतीत उतरवली गेली. हिशेबात ती गाडी लंगडी ठरत होती, ट्रॅकवर मात्र बाकीच्यांना मैलभर मागे टाकत होती. नंतरच्या अपडेटमध्ये ही वाट बंद करण्यात आली, त्यानंतर खेळाडूंनी दुसरी शोधली, तीही बंद झाली. ज्या कोणत्या मापावर बक्षीस अवलंबून असते, त्या मापाच्या फटी शोधणारे लोक निघणारच. यात या गेमचा विशेष दोष नाही.

आतापर्यंतचा विचार आकडा स्पर्धा न्याय्य व्हावी यासाठी असतो असे धरून केला. त्याचे दुसरेही काम असते आणि ते फारसे बोलले जात नाही: खेळणाऱ्याला आपण पुढे सरकतो आहोत असे वाटत राहावे. मोबाइल गेममध्ये हे काम पहिल्या कामावर मात करते. ॲस्फाल्ट ९ मध्ये गाडीचे ब्लूप्रिंट गोळा करायचे, तारे वाढवायचे, तारे वाढले की रँकची कमाल मर्यादा वाढते, मग टॉप स्पीडपासून नायट्रोपर्यंत एकेक टप्पा विकत घ्यायचा. इथे रँक गाडीबद्दल सांगतो त्याहून अधिक तुम्ही त्या गाडीवर किती वेळ आणि पैसा घातला हे सांगतो. ‘या शर्यतीसाठी इतका पीआर हवा’ अशी अट लागली की आकडा म्हणजे प्रवेशाचे तिकीट होतो. कन्सोलवरचे गेमही यापासून अगदी अलिप्त नाहीत. २०२३ च्या ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’मध्ये प्रत्येक गाडी ठरावीक काळ चालवून तिची पातळी वाढवल्याशिवाय तिचे भाग बदलता येत नसत; लोकांनी इतकी ओरड केली की २०२४ मध्ये ती पद्धत बदलावी लागली. पालकांनी मुलांच्या मोबाइलमध्ये डोकावताना हा फरक ओळखावा, असे मला वाटते. आकडा चाचणीतून येत असेल तर त्यामागे शिकण्यासारखे काहीतरी आहे. तो खरेदीतून येत असेल तर तो दुकानाचा भाग आहे.

आकड्याखाली दिलेल्या आडव्या पट्ट्या, म्हणजे वेग, हाताळणी, पिकअप, ब्रेकिंग वगैरे, याही जपून वाचाव्या लागतात. त्या सहसा त्या गेममधल्या सर्वोत्तम गाडीच्या तुलनेत आखलेल्या असतात, त्यामुळे ‘वेग ७’ आणि ‘हाताळणी ७’ यांची एकमेकांशी तुलना होत नाही. तसेच रेटिंगचे माप सरळ रेषेत असेलच असे नाही; ५०० वरून ६०० वर जाताना फेरीत जितका वेळ वाचतो, तितकाच ८०० वरून ९०० वर जाताना वाचेल असे धरू नये. शिवाय होरायझनमधला ‘एक्स’ गट तर ९९९ वर थांबतोच, त्यामुळे त्याच्या वर कितीही फरक असला तरी सगळ्या गाड्यांवर तोच आकडा छापलेला असतो.

खऱ्या शर्यतींनी या सगळ्या भानगडीवर वेगळाच उपाय काढला. जीटी-३ हा स्पोर्ट्स कारवर बेतलेल्या शर्यतीच्या गाड्यांचा वर्ग २००६ पासून धावतो आहे आणि त्यात पुढे इंजिन असलेली जड गाडी, मध्ये इंजिन असलेली हलकी गाडी आणि मागे इंजिन असलेली पोर्श या एकाच शर्यतीत धावतात. त्यांना जुळवून घेण्यासाठी आयोजक ‘बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स’ वापरतात: चाचण्या आणि निकाल पाहून एखाद्या गाडीवर वजन चढवले जाते, दुसरीच्या इंजिनची ताकद आवळली जाते. गाडीला गुण देऊन तिला गटात टाकण्याऐवजी गाड्याच ओढूनताणून एका रेषेत आणल्या जातात. ग्रान टुरिस्मोच्या स्पर्धात्मक विभागात हीच पद्धत उचलली आहे. तिथे अनेक शर्यतींत तुमच्या अपग्रेडला अर्थच राहत नाही, गेमच प्रत्येक गाडीची ताकद आणि वजन ठरावीक टक्क्यांनी बदलून सर्वांना जवळ आणतो. तरीही ट्रॅकनुसार एखादी गाडी सरस ठरतेच, आणि त्यावरून प्रत्यक्ष शर्यतींच्या संघांमध्ये जेवढी कुरकुर असते तेवढीच गेममध्येही असते.

चालकाचे रेटिंग ही वेगळी बाब आहे आणि ते गाडीच्या रेटिंगशी गल्लत करण्यासारखे नाही, म्हणून एवढेच सांगतो की ग्रान टुरिस्मोमध्ये चालकाचा वेग आणि त्याची शिस्त यांची दोन स्वतंत्र मापे असतात. गाडीचा आकडा चालक कोण आहे, हातात स्टीअरिंग आहे की मोबाइलचा पडदा, पाऊस आहे की ऊन, तिसऱ्या फेरीत टायर झिजले का, यांतले काहीच पाहत नाही.

मित्रांमध्ये गेमवर स्पर्धा भरवायची असेल, तर या सगळ्याचा उपयोग नियम ठरवताना होतो. केवळ पीपीची मर्यादा घातली की ज्याला जास्त फटी माहीत आहेत तो जिंकेल. ग्रान टुरिस्मोमध्ये ऑनलाइन शर्यतीची खोली उघडताना पीपीसोबत ताकदीची कमाल, वजनाची किमान आणि टायरची मर्यादा घालता येते. या चारही घातल्या की युक्त्यांना फार जागा उरत नाही. ट्रॅक आधीच जाहीर करू नये, किंवा एक वेगवान आणि एक वळणांचा असे दोन ठेवून वेळांची बेरीज करावी. आणि इतके करूनही वाद होणार असतील, तर सर्वांना एकाच मॉडेलची गाडी, मूळ स्थितीत, कोणताही बदल न करता द्यावी.

एकाच गाडीच्या शर्यतीतही पूर्ण बरोबरी होत नाही, हे पाहायला कोल्हापूरकरांना लांब जावे लागत नाही. मोहिते रेसिंग अकादमीमुळे आपल्याकडे गो-कार्टिंग रुजलेले आहे, आणि कार्टिंगच्या स्पर्धांमध्ये इंजिन आणि टायर सारखे ठेवल्यावरही एक फरक उरतोच: चालकाचे वजन. एवढ्या हलक्या गाडीत वीस किलोंचा फरक पिकअपपासून ब्रेकपर्यंत सगळीकडे जाणवतो. म्हणून तिथला नियम गाडीचे वजन मोजत नाही, गाडी आणि चालक मिळून किमान वजन ठरवतो. हलक्या मुलाच्या सीटला शिशाच्या पट्ट्या बोल्टने कसल्या जातात आणि शर्यत संपल्यावर त्याला गाडीसकट वजनकाट्यावर उभे केले जाते.